न वटलेला चेक

मी एक चेक बोलतोय. मी कधी वटलो नाही, तरी या घरात माझ्यावर धूळ बसू देत नाहीत.

माझा जन्म एका खासगी बस कंपनीच्या कचेरीत झाला. आमच्या ड्रायव्हरसाहेबांनी तिथे उमेदीची सगळी वर्षं गाडी हाकली आणि उशिरा का होईना, त्यांना शहराच्या सरकारी बससेवेत नोकरी लागली. कंपनीत साठलेली निवृत्तीची पुंजी सरकारी पेन्शन योजनेत वळती करायची होती, म्हणून मी. माझ्यावर योजनेचं नाव ठळक, साहेबांचं खाली बारीक.

ते बारीक अक्षर मेहुण्याच्या डोळ्यांत सललं. "दाजी, राबलात तुम्ही आणि नाव दुसऱ्याचं? हा परत करा, स्वतःच्या नावावर काढून घ्या. भागीत टेम्पो घेऊ."

"तो पैसा माझा नाही रे," साहेब म्हणाले. "मी म्हातारा होईन ना, त्याचा आहे. त्याच्या तोंडचा घास मी कसा काढू?"

बायको दोघांपुढे चहा ठेवून तिथेच टेकली. एकीकडे भाऊ, एकीकडे नवरा.

मग मी खराब होऊ नये म्हणून साहेबांनी मला चक्क लॅमिनेट करून आणलं! माणसं मायेपोटी काय करतील, नेम नाही. पेन्शन कचेरीतल्या मुलीने कपाळावर हात मारला. "काका, हे काय केलंत? हा आता बँक घेणार नाही. नवा आणा."

साहेबांचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं.

जुन्या कंपनीतला कारकून म्हणाला, "नवा काढायचाच आहे, तर तुमच्या नावाने काढू? कर कापून रक्कम हातात येईल." सोबत आलेल्या मेहुण्याने कोपराने ढोसलं. साहेबांनी पाणी मागितलं, सावकाश प्यायले.

"पहिल्यावर होतं तेच नाव घाला."

कारकुनाने मला रद्द करून साहेबांच्या हाती परत दिलं आणि माझा धाकटा भाऊ, तो नवा चेक, योजनेत जमा झाला. मेहुण्याने अबोला धरला. मला मात्र, खरं सांगतो, त्या भावाचा हेवा वाटला.

साहेब म्हातारे झालेच नाहीत. निवृत्ती तोंडावर आली असताना छातीत कळ आली आणि सगळं संपलं. पेन्शन बायकोला लागली. जुनी पुंजी आत होती, म्हणून ती औषधपाण्यालाही पुरते. बाईंना कुणापुढे हात पसरावा लागत नाही, भावापुढेही नाही.

तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी आला, तर त्याला जपून ठेवू नका. वेळेवर जाऊ द्या.

बाई आता थकल्या आहेत. पेन्शन जमा झाली की त्या मला कपाटातून काढतात, तळहाताने पुसतात आणि हळूच म्हणतात, "अहो, आले बरं का तुमच्या म्हाताऱ्याचे पैसे."