इस्त्रीच्या वरच्या फळीवरची गोळी

मी एक जुनी, थकलेली ग्रंथी आहे. मित्रांनो, मला थायरॉईड म्हणतात. एका इस्त्रीवाल्या बाईच्या गळ्यात मी फुलपाखरासारखी पंख पसरून बसले आहे. ती जन्मायच्या आधीच मी घडले. तिची उंची वाढवली, अंगात ऊब राखली, दिवसभर उभं राहायचं बळ दिलं. शाबासकी कधी मिळाली नाही. गळ्यातल्या दागिन्याचं कौतुक होतं, गळ्याच्या आतलीला कोण विचारतो!

पुढे मी दमले. माझा रस कमी पडू लागला. बाईचा चेहरा सुजला, केस गळू लागले, तापलेल्या इस्त्रीशेजारीही तिला थंडी वाजू लागली. दुकानात तिच्याबरोबर काम करणारी नणंद हसायची, "वहिनी, तुम्हाला भट्टीत बसवलं तरी स्वेटर मागाल!"

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि रोज सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यायची गोळी दिली. माझा कमी पडणारा रस आता बाहेरून मिळणार होता. मला हायसं वाटलं. पण गोळी हळूहळू अर्धमेली होऊनच पोटात येऊ लागली. एक दिवस बाई उभ्या उभ्या पेंगली आणि गिऱ्हाइकाचा कोट जळला.

"कामच नको असेल तर सरळ सांगा ना," नणंद म्हणाली. "बसा घरी!"

"या हातांना दुसरं येतं काय गं?" बाई रडत म्हणाली.

ती तशीच दवाखान्यात निघाली. नणंद तणतणत मागून गेली.

"गोळी चुकवता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे! विसरू नये म्हणून डोळ्यांसमोरच ठेवलीय. इस्त्रीच्या वरच्या फळीवर."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, कपड्यांबरोबर औषधालाही इस्त्री केलीत की! उष्णतेनं तिचा जोर जातो."

 गोळ्यांची नवी बाटली नणंदेनेच घरातल्या थंड, कोरड्या कपाटात ठेवली. आता सकाळी पाण्याचा पेलाही तीच पुढे करते. काही आठवड्यांनी बाईने स्वेटर उतरवला, त्यालाच इस्त्री केली आणि घडी घालून ठेवून दिला.

मी काही पुन्हा तरुण होणार नाही. बाईला ही गोळी जन्माची सोबतीण आहे. बरं वाटलं म्हणून ती मनानेच सोडायची नाही, आणि रक्तही वेळच्या वेळी तपासायचं. मित्रांनो, घरात कोणी सारखं दमत असेल, कुडकुडत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी दवाखान्यात न्या. टोमणा कानापाशी थांबत नाही हो, पार गळ्यापर्यंत उतरतो. तिचा प्रत्येक आवंढा माझ्याजवळूनच खाली गेला आहे.