दोन ठोक्यांमधली फट

धारच्या तारघरात नीलकंठ, तर देवासच्या तारघरात भगवंत. भगवंताच्या हाताला भारी घाई. तार जणू त्याच्या सासऱ्याचीच. मजकूर मराठी आणि अक्षरं इंग्रजी, असा दोघांचा कारभार चाले.

सकाळी देवासहून इंदिराबाईच्या नावानं तार आली, 'ताई गेली'. पाठवणारा तिचा धाकटा भाऊ दत्तोपंत. देवासला तिची थोरली बहीण ताई होती, आणि आई, जिला सगळे माई म्हणत. शेजारधर्म म्हणून नीलकंठ स्वतःच तार घेऊन गेला. ऐकून इंदिराबाई उंबऱ्यावरच बसली.

दुपारी कापसाचा एक व्यापारी तणतणत तारघरात आला. 'माल पाठवा'च्या जागी त्याला देवासहून 'ताल पाठवा' अशी तार मिळाली होती.

"भिया, माल तो भेज दूं, पण ताल कठे से लाऊं?"

नीलकंठला हसू आलं, आणि लगेच सकाळची तार आठवली. तारेच्या भाषेत 'म' म्हणजे दोन लांब ठोके, 'त' म्हणजे एकच. वाटेत बरेच मैल तार जमिनीखालून जाई, गटापर्चाच्या, म्हणजे रबरासारख्या चिकाच्या, वेष्टणात. खांबावरची उघडी तार ठोका पुढं देऊन मोकळी होते. वेष्टणात मात्र वीज थोडी मुरते आणि ठोका उशिरानं विझतो. मागून भगवंताचा घाईचा दुसरा ठोका येऊन त्याला चिकटला, की मधली फट बुजते. वेष्टणाला तरी काय बोलणार? ते बिचारं ओलाव्यापासून तार राखत होतं.

त्यानं सकाळची तार पुन्हा मागवली, सावकाश. भगवंतानं कुरकुरत दिली. या वेळी दोन ठोके सुटे आले.

इंदिराबाई सुतकाची आंघोळ करून ओल्या केसांनी बसली होती.

"वहिनी, ताई सुखरूप आहेत. तार मी चुकीची घेतली."

ती रडता रडता हसली. "तुमच्या तोंडात साखर पडो, मास्तर." मग थांबली. "पण दत्तूनं तार केली कशाला?"

"पहिलं अक्षर चुकलं, वहिनी."

तिचे ओठ मिटले आणि उघडले. माई. आवाज निघाला नाही.

"सकाळपासून ताईसाठी रडतेय मी," ती म्हणाली. "या घरात माईसाठी अजून एक टिपूस पडलं नाही."