हिरवा वळ

मी एकवीस कॅरेट सोन्याची बांगडी बोलतेय.

फसलात ना पहिल्याच वाक्याला? बरं वाटलं. माझा धंदाच तो. मी पितळ आहे, वरून सोन्याच्या पाण्याचा हात फिरवलेला. शिक्षण म्हणाल तर आतल्या अंगाला ठोकलेला एकवीसचा आकडा. तेवढंच मला वाचता येतं, आणि तेवढंही खोटं आहे.

तांता शहराच्या बाजारात केसांच्या चिमट्यांशेजारी एका थाळ्यात मी पडून असायचे. सोन्याचे भाव आभाळाला टेकल्यापासून आम्हाला फार मान आला. नवरदेव आम्हाला मखमली डबीत घालून वाजतगाजत नेतात, नवरीकडच्या बायका माना डोलावतात, आणि खरं काय ते दोन्हीकडच्यांना ठाऊक असतं. लग्नात एवढं एकमत दुसऱ्या कशावर होत नाही.

एक दिवस सनिय्या आली. काळा झगा, गळ्यात कपाटाची किल्ली. तिने रुमालाची गाठ सोडून खरी बांगडी काढली आणि दुकानदाराला म्हणाली, "हुबेहूब अशीच दे." मला वाटलं, म्हातारी चोराला भिऊन खरी लपवणार नि खोटी मिरवणार. शहाणी बाई, म्हटलं. ती उठली आणि खरी घेऊन तडक विस्सा सोनाराच्या दुकानात शिरली. बाहेर आली तेव्हा रुमालात नोटा होत्या आणि मी होते.

त्या नोटांचं काय झालं? तिच्या मुलाचं, मेधतचं लग्न झालं. हॉल, दिवे, नाचणारा घोडा, कर्णे एवढे मोठे की समोरच्या इमारतीतल्या एका म्हाताऱ्याची कवळी ताटात पडली. मेधतला वाटलं, आईने साठवलं होतं. आईने काही त्याचा गैरसमज दूर केला नाही.

साठवलं होतं मुलीने. रावया हलव्याच्या कारखान्यात डबे भरायची. पगाराच्या दिवशी आधी भिशी, मग बाकीचं. भिशीत सगळ्यांना पहिला नंबर हवा असतो. ही आपणहून शेवटचा मागायची. बायका टोमणे मारायच्या, "तुझा नंबर यायच्या आत तुझे दात पडतील गं." ही हसायची. हातात लवकर आला की पैसा लवकर जातो, हे तिला कळलं होतं. नोटा घरात ठेवल्या की सहा महिन्यांत त्यांचा निम्मा जीव जातो, हेही कळलं होतं. म्हणून नंबर लागला की त्याच दिवशी सोनं, आणि तेही साधं, बिनखड्यांचं, घडणावळ वाया जाऊ नये असं. एवढी अक्कल असलेली पोरगी. फक्त कपाटाची किल्ली आईच्या गळ्यात होती.

ईदला तिने मला हातात घातलं आणि थबकली. "आई, हलकी लागतेय गं."

"हलवा उचलून उचलून हात भक्कम झालाय तुझा," सनिय्या म्हणाली. मी पोटात हसले. म्हातारी माझ्याही वरताण निघाली.

मग मशिदीजवळ पाकातले हरभरे विकणाऱ्या म्हाताऱ्याने गाडा सोडायचं ठरवलं. जागा मोक्याची, अनामत शुक्रवारच्या आत. रावयाने कधीपासून याच दिवसासाठी चहाचे पैसे वाचवले होते, कारखान्यातून चालत घरी आली होती. ती मला घेऊन विस्साकडे गेली. त्याने मला कसोटीच्या दगडावर घासलंसुद्धा नाही. काचेवर नुसतं टकटक केलं आणि तिच्यासाठी चहा मागवला. सोनार न मागता चहा मागवतो तेव्हा समजावं.

"माझी बांगडी मी ओळखतो, पोरी," तो म्हणाला. "ती मेधतच्या लग्नाआधी तुझ्या आईने मला परत विकली. पावतीसुद्धा आणली होती. मला वाटलं, तूच पाठवलंयस."

रावयाने चहा संपवला. पैसे देऊ लागली, त्याने घेतले नाहीत. घरी येऊन तिने मला कपाटात होते तिथे ठेवलं. गाडा दुसऱ्याने घेतला.

पुढे एका शुक्रवारी मेधत जेवायला आला. कोबीच्या पानातला भात निम्मा संपवून मग सुरू झाला. तो चालवतो त्या टुकटुकला, म्हणजे तीनचाकी रिक्षाला, नवे कर्णे घ्यायचेत, थोडे पैसे कमी पडतायत. सनिय्या लगेच म्हणाली, "रावया, भाऊ आहे तुझा. मागे त्याने कधी तुझ्याकडे मागितलंय?"

रावया उठली. आईच्या गळ्यातली किल्ली मागून घेतली, कपाट उघडलं आणि मला भावाच्या ताटाशेजारी ठेवलं. "घे. विक."

म्हातारीच्या हातातला डाव वाटेतच थांबला. मी कान टवकारले. आता बोलेल, म्हटलं. एवढंच तर बोलायचं होतं की बाळा, नको नेऊस. पण ती म्हणाली, "आधी जेवून घे."

तो जेवला आणि मला खिशात टाकून गेला. तासाभरात परत आला तो कानापर्यंत लाल. मला बहिणीच्या पायाशी भिरकावलं. विस्साने नुसतं "तुझ्या घरी विचार" म्हणून वाटेला लावलं होतं. "बाजारात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस मला," तो म्हणाला.

"आईला विचार."

सनिय्या डोळ्यांना झग्याची बाही लावून म्हणाली, "सोनार मेले चोरच, बाळा. भोळ्या पोरीला फसवलं त्यांनी."

मेधतने पुढे काही विचारलं नाही. खरं उत्तर त्याला परवडणारं नव्हतं. तो गेला.

रावयाने मला उचललं. आईचा हात धरला, साबण लावून अगदी हळुवार मला तिच्या मनगटात सरकवलं. "तुझ्या मुलाच्या लग्नाची आठवण आहे. काढू नकोस. काढलीस तर ते लग्न कशावर झालं, ते मी त्याला सांगेन."

तेव्हापासून मी इथेच आहे. शेजारणी माझ्याकडे बघून म्हणतात, "नशीब काढलंस बाई, मुलीने सोनं घातलं." सनिय्या हो म्हणते. दुसरं काय म्हणणार? रावयाची भिशी चालू आहे, नंबर अजून शेवटचाच. आता सोनं कुठे ठेवते, ते ती कुणाला सांगत नाही. आईच्या हातचा चहा घेते, पण बसून नाही.

पहिला पगार हातात पडलेल्या पोरापोरींनो, बचत करा म्हणून तुम्हाला सगळेच सांगतात. मी खोटारडी, मी एवढंच सांगते की किल्ली आपल्या गळ्यात घाला. माया करणाऱ्यांपासून तर आधी जपा. ऐकणार नाही तुम्ही, माहीत आहे. माझा थाळा अजून तिथेच आहे, बहिणी वाट बघतायत.

माझं सोन्याचं पाणी आता उडालं. म्हातारीच्या मनगटावर मी हिरवा वळ उठवते. संध्याकाळी ती लिंबू घासून तो काढते. सकाळी नमाजाआधी हात धुवायला बाही वर करते, तेव्हा तो पुन्हा तिथे असतो. लिंबं फार महाग झालीत म्हणे. तरी तिला रोज एक लागतंच.