दोन रबरांवाचून अडलेली गाडी

दिवाळीतल्या व्हिडिओ कॉलवर दिनकर रिसबूड ‘आणतो’ म्हणून गेला. स्क्रीनवर पुणे, नाशिक आणि बंगळुरूची नातेवाईक मंडळी फराळ करत बसली होती, त्यामुळे शब्द परत घ्यायची सोय राहिली नाही.

प्रकरण वडिलांच्या मोटरसायकलचं होतं. वडील दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत असताना त्यांनी एका वकिलातीच्या लिलावात ती जपानी गाडी घेतली होती. दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर आणि आवाज असा, की लोक गॅलरीत येऊन बघायचे. वडील गेले आणि गाडी फरीदाबादला धाकट्या दिनकरकडे राहिली. थोरला शशिकांत पुण्यात. त्यानं एवढ्या वर्षांत गाडीसाठी पुसायचं फडकंसुद्धा पाठवलं नव्हतं, हक्काची आठवण मात्र नियमित पाठवत असे.

"उभी ठेवून गंजवतोयस तू," तो कॉलवर म्हणाला होता. "संक्रांतीला मी दरवर्षीसारखा मंडळींना घेऊन पानिपतला येतोय. काला अंबच्या स्मारकापर्यंत चालवत आण. आलास तर गाडी तुझी, पुन्हा नाव काढणार नाही. नाही आलास तर मी टेम्पो पाठवतो."

"आणतो."

"चालवत हं. ढकलत नव्हे."

कॉल संपल्यावर दिनकरची बायको उत्तरा चकली मोडत म्हणाली, "जाऊ दे ना पुण्याला. जिन्याखाली माझ्या कुंड्या तरी ठेवता येतील."

"बाबांची गाडी आहे ती!"

"बाबांची होती तेव्हा चालत होती."

दिनकरनं गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी हौसेनं करून घेतली होती, त्यामुळे रोज नाही तरी ‘रॅली’ म्हणून तिला पानिपतला नेणं कायद्यात बसत होतं. इंजिनात बसत नव्हतं. गाडी सुरू व्हायची, हात न लावता किंचाळायला लागायची आणि मग रुसल्यासारखी गप्प. सेक्टरच्या मार्केटमधल्या श्याम मिस्त्रीनं वाकून बघितलं. "साहब, एअर ले रही है." कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणारी तीन बोटं लांबीची दोन रबरं वाळून लाकूड झाली होती आणि भेगांतून नको तिथली हवा आत घेत होती. "दो रबर ला दो. पानिपत क्या, लाहौर चले जाओ."

दिनकर रुमालात रबरं बांधून करोल बागेत फिरला. "अंकल, ये तो म्यूज़ियम का माल है," एक दुकानदार हात जोडून म्हणाला. दुसऱ्यानं कुठल्यातरी भलत्याच गाडीचं रबर काढून दिलं. "बिल्कुल फिट. थोड़ा गरम करके दबा देना." ते डावीकडे वाकलेलं होतं, याला हवं होतं उजवीकडे. दुकानदाराच्या मते हा दोष गाडीचा होता.

मग गाझियाबाद. तिथे परीक्षित त्यागी नावाचा माणूस साच्यातून रबरी वस्तू काढून देत असे. तो म्हणाला, जरूर देतो, पण साचा केला की घाणा पोतंभर निघतो.

"पोतंभर रबरांचं मी करू काय?"

"बेच दीजिए."

"अख्ख्या एनसीआरमध्ये अशी गाडी एकच आहे!"

"फिर तो सर, मोनोपॉली है आपकी."

शेवटी कुणा इंग्रजाच्या व्हिडिओत त्याला उपाय सापडला. कडक झालेलं रबर गंधपुऱ्याच्या तेलात घातलं की मऊ पडतं. गंधपुऱ्याचं तेल घरात होतंच, उत्तराच्या गुडघ्यांसाठी.

"माझी बाटली कुठेय?"

"रबरांना लागली."

"दुखतात माझे गुडघे!"

"तीही आखडलीयेत गं."

"लग्न झाल्यापासून माझ्या गुडघ्याला कधी बोट लावलं नाहीस. आणि त्यांना सकाळ-संध्याकाळ मालिश?"

घरभर असा वास सुटला की समोरच्या फ्लॅटमधली निधी बत्रा ‘आंटी ठीक हैं ना?’ म्हणून विचारून गेली. रबरं मऊ मात्र झाली. इतकी, की त्यांतलं एक बसवताना भाकरीसारखं फाटलं आणि दुसरं असं फुगलं की कुठेच बसेना. दिनकरकडे आता खराब रबरंही उरली नाहीत.

राहता राहिलं फेसबुक. जुन्या जपानी गाड्यांचा एक ग्रुप होता, आणि त्यात कोणीही काहीही विचारलं तरी पहिलं उत्तर एकाच माणसाचं असे: शशिकांत रिसबूड, पुणे. विचारलं नसलं तरी असे. त्यानं एका पोस्टमध्ये फोटो टाकला होता. कोरी, सीलबंद, जपानी रबरांची जोडी. खाली लिहिलं होतं, ‘दूरदृष्टी.’

दिनकर त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं उत्तराचं जुनं खातं उघडलं. शाळेतल्या मैत्रिणींसाठी तिनं ते माहेरच्या नावानं काढलं होतं: ‘यू. खांबेटे’, आणि चेहऱ्याच्या जागी जास्वंदीचं फूल.

"दादाला मागायचं तर सरळ माग ना," उत्तरा म्हणाली.

"सरळ मागून आजवर त्यानं काय दिलंय? सल्ले!"

त्यानं लिहिलं, "सा. न. वि. वि. आपण प्रसिद्ध केलेले छायाचित्र पाहिले. माझ्या यजमानांची याच बनावटीची गाडी रबरांअभावी बंद आहे. सदर जोडी मिळू शकेल काय? कळावे, लोभ असावा ही विनंती." मजकूर त्याला झकास वाटला. पत्ता निधी बत्राचा दिला. सोसायटी तीच, इमारत तीच, मजला तोच, फक्त फ्लॅटचा नंबर निराळा. एवढ्याला तो गुप्तता समजत होता.

उत्तर लगेच आलं आणि लांबलचक आलं. रबर बसवताना क्लिप किती आवळावी, कोणत्या हातानं आवळावी. शेवटी होतं, "ताई, माझा धाकटा भाऊही तुमच्याकडेच असतो. त्याच्याकडे अशीच गाडी आहे, पण त्याला त्यातलं काही कळत नाही."

खांबेटे बाईंना ‘अरेरे’ असं लिहावं लागलं.

पार्सल आलं. आत चिठ्ठी: ‘मोबदला नको. गाडी चालली पाहिजे.’

"अनोळखी बाईला फुकट?" उत्तरा म्हणाली. "चंद्रप्रभा वहिनींच्या कानावर घालायला हवं."

श्याम मिस्त्रीनं रबरं बसवली, आणि गाडी अशी चालायला लागली की जणू मधली वर्षं ती नुसती विचार करत उभी होती.

संक्रांतीला धुकं विरायची वाट बघून दिनकर निघाला. उत्तरा गुडघ्यांमुळे महाराष्ट्र मंडळाच्या बसनं पुढे गेली. तो काला अंबला पोचला तेव्हा शशिकांत फेटा बांधून पुणेकर मंडळींना लढाईत कोणाचं कुठे चुकलं ते समजावत होता. गाडीचा आवाज ऐकून सगळी गर्दी लढाई अर्ध्यावर सोडून तिकडे वळली.

दिनकरनं स्टँड लावला. शशिकांत सावकाश आला, उकिडवा बसला, चष्मा कपाळावर सरकवून वाकून बघू लागला.

"रबरं कुठली?"

"गाझियाबादला बनवून घेतली."

"हं. बरं काम करतात म्हणजे तुमच्याकडे." चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "ठरल्याप्रमाणे गाडी तुझी. एक चक्कर मारून आणू?"

नाही म्हणायला तोंडच नव्हतं. शशिकांतनं फेटा काढून बायकोच्या हाती दिला, दिनकरचं हेल्मेट चढवलं आणि गेला.

फेटा सांभाळत चंद्रप्रभा वहिनी हसायला लागल्या. "भाऊजी, तुमच्या खांबेटे बाई काय म्हणतात?"

दिनकर मुख्य रस्त्याकडे बघू लागला.

"अहो, नाव-पत्ता सोडाच, तुमच्या बाबांनी तुम्हा दोघांनाही दूधवाल्याच्या चिठ्ठीलासुद्धा सा. न. वि. वि. घालायला लावलं. फेसबुकवर कुठली बाई असं लिहील? हे वाचून इतके हसले की चहा सांडला."

"मग दिली कशी रबरं?"

"आमच्याकडे पार्किंग एक. ती गाडी आली असती तर माझी स्कूटर रस्त्यावर. मी सांगून टाकलं, गाडी दारात आली की मी माहेरी. आता सगळ्यांदेखत शब्द दिलेला, मागे कसं यायचं? तेवढ्यात तुमचा मेसेज आला. मी देवापुढे साखर ठेवली! पार्सल मीच बांधलंय."

"म्हणजे मी जिंकलो नाही?"

"इथवर आलास ना?" उत्तरा म्हणाली. "का तेही वहिनींनीच ढकललं?"

इकडे शशिकांत येईना. लोकांचे तिळगूळ वाटून झाले, फोटो काढून झाले. दिनकरला नाही नाही ते सुचू लागलं. पुण्याचा रस्ता हाच का, हेही त्यानं एकाला विचारून घेतलं. मग आवाज आला. शशिकांत परतला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्यामुळे म्हणे. इंजिन बंद केलं, पण खाली उतरला नाही.

"दिनू, सहा महिने मी नेतो."

"दादा, ठरलं होतं."

"ठरलं तेव्हा मी चालवली नव्हती."

"अहो," चंद्रप्रभा वहिनी म्हणाल्या, "पार्किंग!"

"तू थांब." मग सगळ्या मंडळासमोर, खणखणीत आवाजात, "रबरं माझी आहेत, खांबेटे बाई!"

मंडळी दिनकरकडे आणि मग एकमेकांकडे बघू लागली. दिनकर लालबुंद झाला. "घे तुझी रबरं! आत्ता काढून देतो." त्यानं दिसेल त्याच्याकडे स्क्रू-ड्रायव्हर मागितला आणि मिळाला तो क्लिपला लावला.

"हात लावू नकोस!" शशिकांत असा ओरडला की गर्दी मागे सरकली. "गरम आहेत. गरम रबर ओढलं की गेलं. आणि ही डावी क्लिप कोणत्या गाढवानं एवढी आवळलीय? मी लिहिलं होतं ना सविस्तर!"

"श्यामनं बसवलीय."

"तू उभा राहून बघत होतास ना? मेसेज वाचून दाखवायचास!" तो एकदाचा उतरला आणि जमिनीवर मांडी घालून बसला. "गाडी राहू दे तुझ्याकडे. पण अशी नाही ठेवता येत. नीट सेटिंग करायला हवं. आठवडाभर तरी मला फरीदाबादला यावं लागेल."

उत्तरानं घाईघाईनं वहिनींकडे बघितलं. त्यांनी नवऱ्याची बॅग पुणेकरांच्या बसच्या पोटातून केव्हाच काढून ठेवली होती.