काचेमागचा ठेका

"आणि इतर," म्हणत टिंबमावशींनी पुस्तक नवऱ्यापुढे आपटलं. "वाचा. बायकोचे आभार, टायपिस्टचे आभार, घरच्या कुत्र्याचेसुद्धा आभार. आणि मी कुठे, तर 'आणि इतर'."

नवऱ्याने चष्मा पुसून पान जवळ धरलं. "कुत्र्याचे कशाबद्दल मानलेत?"

"लिहिताना पायाशी बसून असायचा म्हणे."

"मग तूही बसायचं होतंस."

एरवी मावशी हसल्या असत्या. आज तळपायाची आग मस्तकात गेली होती.

विद्यापीठाच्या भाषा विभागात त्या चोवीस वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम करत होत्या. टेप ऐकायची, शब्द कागदावर उतरवायचे आणि बोलणारा ज्या अक्षरावर जोर देतो त्याच्यावर पेन्सिलीने टिंब द्यायचं. म्हणून सगळा विभाग त्यांना टिंबमावशी म्हणे. कुठल्या भाषेत जोर कायम पहिल्या अक्षरावर, कुठे शेवटून दुसऱ्यावर, कुठे शब्दागणिक वेगळी तऱ्हा. आपल्या बोलण्यात जोर इकडचा तिकडे गेला तरी सहसा कुणाचं काही अडत नाही, त्यामुळे आपल्या कानांना ती सवयच नसते. मावशींना होती. वडील मागावर कामाला होते. बारा मागांच्या खडखडाटात कुठला माग ठोका चुकवतोय, हे त्या दहाव्या वर्षी बिनचूक सांगायच्या.

पुस्तक लिहिणाऱ्या विभागातल्या सरांना मात्र जोर ऐकूच यायचा नाही. त्यांना सिद्धान्त यायचा. कुठल्या भाषेच्या छंदात किती अक्षरांचा गण, त्यात जड कुठलं, हलकी किती, हे ते तासभर न थांबता सांगत. पण समोर माणूस बोलायला लागला की गाडी अडायची. सरांचा एक खेळ प्रसिद्ध होता. कुठल्याही भाषेतल्या ओळी ऐकवा, सर लाकडी पट्टी टेबलावर वाजवून त्यांचा ठेका धरून दाखवत. लोक थक्क व्हायचे. खरी गोष्ट अशी, की सर स्टुडिओतल्या काचेकडे तोंड करून बसत आणि काचेमागे, ध्वनिमुद्रणाच्या खोलीतून, मावशी जोराच्या अक्षरावर पेन्सिल उचलत. पेन्सिल वर गेली की पट्टी खाली. एकोणीस वर्षांपूर्वी सर म्हणाले होते, "बाई, आज माझा कान जरा दुखतोय, तेवढं सांभाळून घ्या." तो कान तेव्हापासून दुखतच होता.

पुस्तक हातात पडल्यावर मावशी सरांच्या खोलीत गेल्या होत्या. नाव का नाही, असं सरळ विचारलं.

सरांनी मान वर केली नाही. "बाई, टिंबं काय हो, कोणीही देईल."

मावशी बाहेर आल्या. जिन्यातच त्यांनी ठरवलं. शुक्रवारी सरांचा सत्कार होता, तेव्हा चारचौघांत पट्टीचा खेळही होणार होता. त्याच खेळात माणसाला असा तोंडघशी पाडायचा की पुन्हा पट्टीला हात लावणार नाही.

खेळासाठी डोंगरापलीकडच्या एका आजींना बोलावलं होतं. त्यांची भाषा बोलणारी सहा-सात माणसं उरली होती, सगळी म्हातारी. गुरुवारी मावशींनी त्यांना स्टुडिओत बसवून, टेप न लावता, नुसती तयारी करून घेतली. त्यांची आई केस विंचरताना म्हणायची, त्या चार ओळी. दोन हलकी अक्षरं आणि तिसरं जड. मावशींना त्या तासाभरात पाठ झाल्या.

"छान म्हणता हो आजी."

"आई मेल्यावर कुणी ऐकलंच नाही बाई," आजी म्हणाल्या. "तुम्ही पहिल्याच."

मावशींना बरं वाटलं. पण डोक्यात शुक्रवार होता.

शुक्रवारी स्टुडिओ भरला. पहिल्या रांगेत परगावचे एक जाणकार पाहुणे होते. त्यांना पाहून मावशी मनात म्हणाल्या, वा, हेच हवे होते. सरांनी पट्टी उचलली. आजींनी सुरुवात केली. मावशींनी पेन्सिल तिसऱ्या अक्षराऐवजी पहिल्यावर उचलली. सरांनी ऐटीत पट्टी हाणली. पुन्हा पहिल्यावर, पुन्हा पट्टी. पाहुण्यांच्या भुवया वर गेल्या. मावशींचा आनंद मनात मावेना. आता आजी म्हणणार, साहेब, हे काय भलतंच, आणि सरांचं नाक कापलं जाणार.

आजी थांबल्या. पट्टीकडे बघून खाली मान घालून म्हणाल्या, "चुकलं का साहेब?"

"हरकत नाही," सर हसले. "पुन्हा म्हणा. सावकाश."

आजींनी पुन्हा म्हटलं. या वेळी डोळे पट्टीवर. दुसऱ्या ओळीपासून त्यांनी जोर पहिल्या अक्षरावर नेला. मावशींची पेन्सिल हवेतच राहिली, पण सरांना आता तिची गरजही नव्हती. आजी पट्टीला धरून चालल्या होत्या. आधी अडखळल्या, मग जमलं, मग छान जमलं. पाहुण्यांच्या भुवया खाली आल्या. टाळ्या पडल्या.

आजींचा चेहरा फुलला. "साठ वर्षं चुकीचं म्हणत होते बघा," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "साहेबांनी सुधारलं."

सरांना एवढंसं खरचटलंही नव्हतं. मोडलं ते आजींचं, आणि मोडलं मावशींनीच. त्यांनी स्टुडिओत बोलायचं बटण दाबलं.

"आजींचं बरोबर होतं. ठेका मी मुद्दाम चुकवला. सरांना तो ऐकू येत नाही, ते माझी पेन्सिल बघून वाजवतात. एकोणीस वर्षं."

सगळ्यांनी काचेकडे बघितलं. सर म्हणाले, "बाईंना बरं नाहीये."

"मग काचेकडे पाठ करून दाखवा की," पाहुणे शांतपणे म्हणाले.

सरांनी पट्टी उचलली, परत ठेवली, पाणी मागवलं. पाणी यायच्या आत ते बाहेर पडले होते. हवा होता तसा सूड हातात आला होता, पण मावशींनी तिकडे बघितलंही नाही. त्या आत जाऊन आजींजवळ बसल्या.

"आजी, काल म्हणत होतात तसं म्हणा."

आजींनी तोंड उघडलं. दोन शब्द आले, तेही पट्टीच्याच ठेक्यात. त्या गोंधळून थांबल्या. "कालचं कसं होतं? तुम्हीच दाखवा बाई. तुम्हाला कळतं."

मावशींना ते अक्षर अन् अक्षर पाठ होतं. उजव्या हाताचं बोट आपोआप उचललं गेलं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांवर घट्ट बसल्या.

"मला नाही कळत, आजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही आठवा. मी थांबते."

माणसं एकेक करून निघून गेली. आजींनी डोळे मिटले होते. ओठ हलत होते, आवाज अजून येत नव्हता.