कुसाबाईचे चौऱ्याऐंशी ठोके

मित्रांनो, माझ्या काठावर माझं जन्मसाल कोरलेलं आहे, १८४८, त्यामुळे वय चोरायची सोय नाही. मी एक जुनी घंटा आहे. जन्म इंग्लंडमधला, पण आयुष्य सरलं ते नाशिकजवळ, वणीच्या वाटेवरच्या एका लहान ख्रिस्ती वस्तीत.

माझं पहिलं गाव अगदी चिमुकलं होतं. एक रस्ता, एक लोहार, चाळीस घरं आणि टेकडीवर दगडी चर्च. व्हिक्टोरिया राणीचं राज्य होतं. पाऊस दिवसभर पिरपिरायचा आणि मेंढ्या तशाच चरत राहायच्या. सुगी झाली की लोक गव्हाच्या पेंढ्या आणि भोपळे चर्चमध्ये आणून मांडायचे. पण माझं खरं काम निराळं होतं. गावात कुणी वारलं की पुरुषासाठी तीनदा तीन ठोके, बाईसाठी दोनदा तीन, आणि मग वयाच्या प्रत्येक वर्षाला एक. शेतातली माणसं काम थांबवून मोजायची आणि कोण गेलं ते ओळखायची. जमीनदाराला मोठ्याने आणि मजुराला हळू, असं मला कधी जमलं नाही. याचा मला अजून अभिमान आहे.

एका हिवाळ्यात लहान मुलांमध्ये तापाची साथ आली. वयाचे कधी सहा ठोके, कधी चार, एकदा तर एकच. तो देऊन दोर ओढणारा म्हातारा तिथेच पायरीवर बसून राहिला. मलाही फार वाईट वाटलं.

पुढे गावाने मोठी घंटा घेतली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण त्या नवीचे दिवस काही संपले नाहीत. मला गवतात गुंडाळून बोटीत चढवलं आणि एका पाद्र्याबरोबर मी इकडे आले. बरोबर ठोक्यांची रीतही आली. वस्तीतल्या शांतवनच्या घराण्याकडे माझा दोर पिढ्यान्‌पिढ्या आहे. भोवतालच्या मळ्यांतली हिंदू माणसंसुद्धा ठोके मोजायला शिकली.

गेल्या वर्षी माझ्या काठाला चीर गेली. चर्चच्या मंडळीच्या पंचांनी ठरवलं, सोमवारी घंटा उतरवायची आणि भोंगा लावायचा. ते ऐकून शनिवारी सकाळी कुसाबाई काठी टेकत आली. चर्च झाडण्यात तिचा जन्म गेला होता. तिला ना मूलबाळ, ना भाऊबंद.

"शांतवन, माझे ठोके आत्ताच दे," ती म्हणाली.

"मावशी, जित्त्या माणसाचे ठोके देत नाय. लोकं मला येड्यात काढतील."

"मेल्यावर मला ऐकू येनार हाय का?" मग ती हळूच म्हणाली, "माझ्यासाठी कोन येतं, तेवढं बघू दे रे."

शांतवनने पायातल्या वहाणा काढल्या. मग त्याने दोर धरला. खरं सांगते, मी घाबरले. बाईमाणसाचे सहा आणि वयाचे चौऱ्याऐंशी, म्हणजे नव्वद ठोके! मध्येच मी फुटले तर?

कुसाबाई पायरीवर बसून बोटांवर मोजत होती. साठाव्या ठोक्याला माझा आवाज घोगरा झाला. शांतवन थबकला. "थांबू नको," ती म्हणाली. चीर सरकत असलेली मला कळत होती, पण मीही हट्टाला पेटले होते. शेवटचा ठोका दिला आणि सगळं शांत झालं.

रस्ता रिकामा होता. बराच वेळ गेला. "चल, कळलं मला," म्हणत कुसाबाई उठू लागली.

तेवढ्यात शेजारच्या मळ्यातला गोटीराम धापा टाकत आला. पाय चिखलाने भरलेले, डोक्यावर बाजाराला निघालेली झेंडूची पाटी.

"शांतवनभाऊ, कुसाक्का गेली ना?"

"कुठं जाते? ही काय बसले," कुसाबाई म्हणाली.

गोटीरामने पाटी धाडकन खाली ठेवली. "आक्का, असं करतं का कोनी?" तो आधी रागावला आणि मग तिथेच मातीत बसून हमसून हमसून रडला. "माझी माय बाळंतपनात आजारी पडली, तव्हा तुझ्या शेळीच्या दुधावर जगलो मी. पन्नास वर्सं झाली, एकदा तोंडानं बोललो नाय. रस्ताभर तेच म्हनत आलो, आता राहूनच गेलं."

त्याच्यामागून वीस-पंचवीस माणसं आली. शांतवनला सगळ्यांनी यथेच्छ शिव्या घातल्या. मग एकेक जण कुसाबाईजवळ बसला आणि मातीला आल्यावर बोलायचं ते तिच्या तोंडावर बोलला. "एवढी मान्सं?" ती सारखी विचारत होती आणि पदराने डोळे पुसत होती. गोटीरामने सगळा झेंडू तिच्या ओटीत ओतला.

सोमवारी मला उतरवलंच. आता मी व्हरांड्यात असते. माझ्यावरची धूळ पुसत जा, हे मी सांगणारच, मी काही संन्यासीण नाही. पण माणसं त्याहून जपा. कुणाबद्दल चांगलं वाटलं, तर ते आजच जाऊन त्याला सांगा. मी बोलावं म्हणून कुणालातरी दोर ओढावा लागतो, मित्रांनो. तुम्हांला तसं काही नाही.