रंगाचे चौदा हात

भंगारवाला दुपारी बारा वाजता येणार होता आणि थोरली सकाळी सातलाच बॉनेट उघडून उभी होती. धाकट्या भावाने आदल्या दिवशी फोनवर तिला बजावलं होतं, की आता त्या गाडीला हात लावू नकोस, अण्णांनी एकदाचा होकार दिलाय, पुन्हा त्यांच्या जिवाला घोर नको. थोरलीने हो हो म्हटलं. तिच्या हो हो म्हणण्याचा अर्थ त्या घरातल्या भांड्याकुंड्यांनाही ठाऊक आहे. धाकटा मात्र अजून फसतो.

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि काम थांबवलं त्या वर्षी ही जुनी, गोल पाठीची गाडी हौसेने घरी आणली. गेली दोन वर्षं ती तेल गाळत होती. आधी थेंब थेंब, मग फरशीवर थारोळं. गॅरेजवाल्याने खाली वाकून पाहिलं आणि इंजिन आतून झिजलंय, संपलंय, असा निकाल देऊन तो मोकळा झाला. तेव्हापासून अण्णांचं बोलणंच आटलं. होकार त्यांनी दिला खरा, पण हरलेल्या माणसाच्या होकाराला काय अर्थ? थोरलीला ते बघवत नव्हतं.

तिची नोकरी इस्पितळाच्या धोबीखान्यात, वाफेच्या बॉयलरवर. बावीस वर्षं झाली. वाफेला वाट ठेवली नाही तर ती जिथे कच्चं असेल तिथून वाट काढते, हे तिच्या अंगात मुरलेलं. म्हणून मागच्या सुट्टीला गाडी थोडा वेळ चालू ठेवून बंद केल्यावर तेल मोजायची सळई दोन बोटं वर आलेली दिसली, तेव्हा ती जागीच थबकली. सळई काही आपण होऊन वर येत नाही. आत काहीतरी कोंडलं होतं आणि तेच तेलाला बाहेर ढकलत होतं.

जळलेल्या वायूचा थोडा अंश पिस्टनच्या कडेने खाली तेलाकडे उतरतोच. चांगल्या इंजिनातही उतरतो. तो बाहेर पडावा म्हणून ब्रीदर असतो. या गाडीचा ब्रीदर म्हणजे इंजिनच्या माथ्यावरची वाटीएवढी पत्र्याची टोपी. तिच्या कडेला बारीक चिरा असायच्या आणि पोटात तारेची जाळी. त्या सकाळी थोरलीने टोपीवरून बोट फिरवलं आणि कपाळाला हात लावला. चिरा कुठे दिसेचनात. होता तो नुसता रंग, तकतकीत हिरवा.

गाडी घरात आली त्या तारखेला अण्णा दरवर्षी इंजिनला रंगाचा एक हात द्यायचे. धाकट्याने थट्टा केली, आईने नाकं मुरडली, पण अण्णा बधले नाहीत. शेजारीपाजारी मुद्दाम बॉनेट उघडायला लावून बघत आणि अण्णा दिवसभर फुशारून हिंडत. चौदा वर्षांत चौदा हात झाले. पाटीवर फट दिसली की बुजवून पुढे सरकायचं, ही त्यांच्या बोटांची सवय. त्या बोटांनी इथेही इमानेइतबारे तेच केलं होतं.

टोपी हलायलाच तयार नव्हती. थोरलीने कडेने रॉकेल सोडलं, फडक्याने धरून पिळली, एक नख तोडून घेतलं, दोन शिव्या हासडल्या, तेव्हा कुठे ती निघाली. जाळीत डांबरासारखा चिकटा बसला होता. तीन वेळा रॉकेल बदलून ती जाळी घासली आणि दाभणाने एकेक चीर मोकळी करायला बसली. चोवीस चिरा होत्या. फोन दोनदा वाजला, धाकट्याचा. तिने उचलला नाही. आई चहा ठेवून गेली आणि जाताना म्हणाली, की तुझा हट्ट काही जायचा नाही. साडेदहाला शेवटची चीर उघडली. तिने जाळी वाळवली, तेलाचं बोट फिरवलं आणि मान वर केली, तर अण्णा दारात उभे.

त्यांनी विचारलं, "कशाने तुंबलं होतं?"

मळाने, असं म्हणता आलं असतं. पण मग पुढच्या वर्षी पंधरावा हात बसला असता.

"रंगाने," ती म्हणाली. "तुमच्या रंगाने, अण्णा."

अण्णांनी खालच्या कागदावरची एक हिरवी खपली उचलली. तिच्या कडेला थरावर थर स्पष्ट दिसत होते.

"म्हणजे मीच तिचा गळा दाबला," ते म्हणाले. "मग तर जाऊच दे. मला ती डोळ्यांसमोर नको."

थोरलीला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला.

"चूक तुमची आणि भंगारात तिने जायचं? हा कुठला न्याय?"

उत्तराची वाट न बघता तिने टोपी बसवली, गाडीखाली कोरडा पुठ्ठा सरकवला आणि इंजिन चालू केलं. अर्धा तास दोघं शेजारी शेजारी उभी राहिली. टोपीच्या चिरांतून फिकट धूर निघत होता आणि सळई जागची हलली नव्हती. तिने इंजिन बंद करून पुठ्ठा ओढला. त्यावर चार थेंब होते. एरवी एवढ्या वेळात पुठ्ठा निथळला असता.

"चार आहेत," थोरली म्हणाली. खोटं ती आताही बोलणार नव्हती. "मागचं सील थोडं गेलंय. ते बदलता येतं."

फाटकाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. भंगारवाला वेळेआधीच आला होता. थोरलीला जे करायचं होतं ते करून झालं होतं; गाडी अण्णांची होती आणि पुढचा शब्द त्यांचा.

हॉर्न पुन्हा वाजला. अण्णा टोपीकडे बघत होते.

"ही किती दिवसांनी धुवायची?"

"सहा महिन्यांनी."

"काढ परत. कशी काढायची ते दाखव मला."

"आता गरम आहे, अण्णा. हात भाजेल."

"मग थांबतो," अण्णा म्हणाले आणि स्टूल ओढून गाडीसमोर बसले. भंगारवाल्याला परत पाठवायला आईच फाटकाकडे गेली.